ओढ्याच्या लढाईतला पाचवा

जेसीबी दारावरून गेला तेव्हा गौराच्या तोंडात वरणभाताचा दुसरा घास होता. आवाजानं ती दचकली, घास माझ्या साडीवर आला आणि पोरगीनं भोकाड पसरलं. तिला खांद्यावर टाकून मी तशीच ओसरीत आले. माझे सासरे मन्मथअप्पा आंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून आधीच बाहेर उभे होते.

"आला बघ," ते म्हणाले. "आज काकाला उठवायचं."

काका म्हणजे वीरभद्र, अप्पांच्या वडलांचा धाकटा भाऊ. अप्पांच्या जन्माआधी दोन वर्षं गेलेला. आमची नांदरपिंपळी वालूरपासून चार किलोमीटरवर. इथं वीरभद्र कोण हे ठाऊक नसलेलं लेकरू सापडायचं नाही. अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणात रझाकार आणि निजामाचे पोलीस गाव जाळायला निघाले होते. गावातल्या सात पोरांनी दोन भरमार, ठासून भरायच्या बंदुका आणि गोफणींच्या जोरावर त्यांना ओढा ओलांडू दिला नाही. सकाळपासून दुपार कलेपर्यंत. तेवढ्या वेळात बायका, लेकरं, म्हातारीकोतारी मागच्या माळावरून निघून गेली. चार पोरं पडली. तिघांना ओढ्याकाठीच अग्नी दिला. वीरभद्र लिंगायत, आणि आमच्यात जाळत नाहीत. त्याला रस्त्याकडेच्या आमच्या रुद्रभूमीत बसवून समाधी दिली.

आता तो रस्ता चौपदरी व्हायलाय आणि समाधी मधे येते. सोळा तारखेच्या आत जागा मोकळी करा, असं ठेकेदाराचा माणूस दोनदा सांगून गेला होता. अप्पांनी त्यातूनच बेत आखला. हाडं काढून मठात ठेवायची आणि सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा झाला की सगळ्या गावासमोर नवीन समाधी द्यायची. जवळच काळ्या ग्रॅनाइटचा दगड उभा करायचा. तो दगड आला होता, शाळेच्या भिंतीला टेकून कोराच उभा होता. नावं कोरणारा बालाजी मंगळवारी संध्याकाळी सेलूहून मशीन घेऊन येणार होता. नावांचा कागद मी लिहायचा, कारण घरात डी.एड. झालेली मी आणि अक्षर माझं चांगलं.

चारच नावं. दोन मिनिटांचं काम. पण मी पेन घ्यायची आणि ठेवायची. त्याला कारण नागसेन सर.

नागसेन सर आमच्या शाळेवर शिकवतात, गावातच भीमनगरात राहतात. शुक्रवारी ते दारात येऊन उभे राहिले होते.

"वहिनी, यादी तुमी लिवायलात म्हणं?"

"हो सर. बसा ना."

"बसत न्हाई. पाचवं नाव घ्या. कोंडिबा. माझ्या आज्याचा थोरला भाऊ. त्या दिवशी गोफण घेऊन ओढ्यावर गेला, परत आला न्हाई."

आतून अप्पांचा आवाज आला. "सर, चार वर्षं झाली हेच आयकायलोय. प्रेत सापडलं न्हाई, पडताना कुणी बघितलं न्हाई. निघून गेला असंल हैदराबादकडं."

"सात जण गेले म्हणता तुमी, अप्पा. चार पडले, दोघं माघारी आले. सातवा कुठं हाय मग?"

"तेच तर मी इचारायलोय. कुठं हाय?"

सर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "कागदावर जागा तरी सोडा, वहिनी." आणि गेले. तेव्हापासून कागद कोराच होता.

* * *

रुद्रभूमीत सगळं गाव लोटलं होतं. जेसीबीनं वरचा चौथरा तेवढा उचलला, मग मठाच्या स्वामींनी हात वर केला.

"बास बाबा. पुढं कुदळ. तुझ्या मशीनला माणूस अन् मुरूम सारखाच."

माणसं उतरली. मी गौराला कडेवर घेऊन बायकांत उभी होते. ऊन लागत होतं, पोरगी माझ्या मंगळसूत्राला लोंबकळत होती. घरी जावं असं दहादा वाटलं, आणि पाय निघेना.

बसवलेल्या माणसाची हाडं एका ढिगात खाली उतरतात, हे मला त्या दिवशी कळलं. वर कवटी, खाली बरगड्या, मांडीची लांब हाडं दोन्ही बाजूंना. स्वामी स्वतः खड्ड्याच्या कडेला पालथे झाले. एकेक हाड पांढऱ्या कापडावर घेत होते, मांडत होते आणि मधेच थांबत होते. मग त्यांनी खालची माती चाळायला सांगितली. वाळू चाळायची मोठी चाळणी आणली. एकदा चाळली. दुसऱ्यांदा चाळली.

"अप्पा," स्वामी हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "लिंग न्हाई."

आमच्यात लेकरू जन्मलं की काही दिवसांत त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. गौराच्याही गळ्यात आहे, चांदीच्या इवल्या डबीत. ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं. माणूस गेला की त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, मूठ मिटतात आणि त्याच्यासोबतच मातीत देतात. घरात मेलेल्याचं लिंग मागं राहत नाही. समाधी आहे आणि लिंग नाही, असं होत नाही.

"मातीनं खाल्लं असंल," अप्पा म्हणाले. "सत्त्याहत्तर वर्षं झाली."

"हाडं राहिली अन् दगडाचं लिंग इरघळलं?" स्वामी उठून बसले. "मी आजवर तीन समाध्या हलवल्यात. तिन्हींत सापडलं. एक तर शंभर वर्षांपूर्वीची व्हती."

चाळणी धरणाऱ्यांनी ती खाली ठेवली. मग मागून नागसेन सरांचा आवाज आला, मोठा नव्हता, पण स्पष्ट.

"मग ह्यो कोण हाय?"

अप्पा गर्रकन वळले. "म्हंजे?"

"इचारलो फक्त. लिंग न्हाई तर माणूस तुमचाच कशावरून? तपासणी करता येती आता हाडाची."

"आमच्या हुतात्म्याच्या हाडाची तपासणी करायची?" अप्पा त्यांच्याकडं चालत आले. "माझ्या आज्जीनं सोताच्या हातानं बसिवलं त्याला. आईला लेकरू वळखू येत न्हाई का? यादीत नाव न्हाई घेतलं म्हणून आता हाडावर हक्क सांगायलात?"

सरांनी उन्हासाठी धरलेली छत्री मिटली आणि ते निघून गेले. माणसांत कुजबुज झाली. अप्पांनी हाडं लाकडी पेटीत भरली आणि स्वामींना बजावलं, "बुधवारी, सतराला, नवं लिंग ठेवून समाधी द्यायची. बास."

स्वामी मान डोलावल्यासारखं करून पेटीमागं मठाकडं चालू लागले.

* * *

सोमवारी आत्याबाईंच्या आंघोळीचा दिवस.

आत्याबाई म्हणजे चन्नबसम्मा, वीरभद्रची धाकटी बहीण. अप्पांची आत्या, म्हणून घरात सगळेच त्यांना आत्याबाई म्हणतात. वय अठ्ठ्याऐंशी. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथंच राहिल्या. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून त्यांचं सगळं मीच बघते. दुपारी आधी गौराला पाणी घालायचं, तिला चटईवर झोपवायचं आणि ती उठायच्या आत आत्याबाईंना घालायचं. हा अर्धा तास कुणी दार वाजवू नये म्हणून मी देवाला विनवत असते.

"हळू ओत की गं. माझी आंघोळ हाय का म्हशीची?"

"म्हैस बरी, बोलत तरी नाही."

"बोलत न्हाई म्हणून तर तिला रोज चारा मिळतो," त्या म्हणाल्या आणि बोळक्या तोंडानं हसल्या.

पाठ चोळताना शिवदोरा बाजूला सरला. त्यांच्या गळ्यात दोन लिंगं आहेत. एक चांदीच्या डबीत, त्यांचं. दुसरं पिवळ्या रेशमी चिंधीत गुंडाळून त्याच दोऱ्याला शिवलेलं. लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं असेल असं मी धरून चालले. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी त्या चिंधीवरून पाणी ओतत आले.

त्या दिवशी हात थांबला. नवऱ्याचं कसं असेल? ते तर त्यांच्यासोबत गेलं असणार.

"आत्याबाई, हे कुणाचं?"

त्यांनी चिंधी मुठीत धरली. पाणी निथळत होतं. मी टॉवेल पाठीवर टाकला, समोर येऊन बसले.

"काल लिंग सापडलं नाही. तुम्हाला सांगितलं का कुणी?"

"सांगायला कशाला पायजे? मला ठावं हाय, सापडणार न्हाई." मग चिंधीवरून अंगठा फिरवत, "तो वीरभद्र न्हाई, पोरी. तो कोंडिबा."

बाहेर गौरा कुसमुसली. माझे कान तिच्याकडं आणि डोळे यांच्याकडं.

"मी अकरा वर्षांची. सकाळी माय भाकरी थापायली व्हती. माळावरनं गोफण वाजली, तीन येळा. ती खूण. बायका चुलीवर भाकरी टाकून पळाल्या. माय न्हाई हालली. म्हणली, माझं लेकरू तिकडं हाय, मी कुठं जाऊ? मला पदराखाली धरून माळवदावर बसली. तिथनं ओढा दिसायचा. पाणी कमरेएवढं. यायला एकच वाट, दगडाच्या उतारावरनं, एकाआड एक. आपली पोरं इकडं केकताडाच्या कुंपणाआड. वीरभद्र बंदूक भरायचा, भरायला लय येळ लागायचा, तवर ह्यानं धोंडे मारायचे. कोंडिबानं. माय वं, काय हात व्हता त्याचा! जवारीच्या राखणीला पाच गावं त्याला बोलवायची. पुढच्या घोड्याच्या कपाळावर धोंडा बसला, घोडं पाण्यात आडवं झालं, मागच्यांना वाटच न्हाई. दोन-तीन येळा असं झालं. मी टाळ्या वाजवायले तर मायनं थोबाडीत दिली."

"मग?"

"दुपारी बंदुकीची दारू संपली. ते खालच्या अंगानं ओढा उतरून मागनं आले. नुसता आवाज. धूर. काय दिसंना." त्यांनी ओठ ओले केले. "जरा येळानं मागच्या दारात वीरभद्र. मांडीतनं रगत वाहायलंय. गळ्यातलं लिंग काढलं अन् मायच्या हातात दिलं. म्हणला, नाक्यावर धरलं तर गळ्यावरनं लिंगायत म्हणून वळखतील, मग गावाचं नाव सांगावं लागंल. हे ठेव, परत येऊन घेतो. अन् जवारीत शिरला."

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील पथक घेऊन आला. कोण पडलं आणि कोण निसटलं याची यादी करायला. निसटला असेल त्याचं घर जाळायचं आणि घरातला दुसरा पुरुष धरून न्यायचा, असा हुकूम होता. दुसरा पुरुष म्हणजे थोरला भाऊ, अप्पांचे वडील. एका प्रेताला चेहराच उरला नव्हता.

"माय पुढं झाली," आत्याबाई म्हणाल्या. "त्याचं डोकं मांडीवर घेतलं अन् म्हणली, ह्यो माझा वीरभद्र. अशी रडली, अशी रडली, पोलिसाला बी खरं वाटलं. अन् खोटं कुठं व्हतं ते रडणं?"

"आणि कोंडिबाची आई? ती नव्हती तिथं?"

"व्हती की. सुलाबाई. लांब उभी व्हती, बाभळीखाली. तिला जवळ कोण येऊ देतंय तवा? जवळ आली असती तर पायावरनं वळखलं असतं तिनं. 'माझा कोंडू दिसला का, माझा कोंडू दिसला का,' सगळ्यांना इचारायली लांबनंच."

त्या थांबल्या. मी त्यांचे केस पुसत होते, तेच तेच केस.

"समाधीला मायनं पदर आडवा धरला अन् त्याच्या मुठीत भस्माची वडी ठेवली. सगळ्यांना वाटलं लिंग ठेवलं. लिंग पुरलं असतं तर वीरभद्र मेल्यातच जमा झाला असता ना? तेवढं तिच्यानं झालं न्हाई."

वीरभद्र सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या छावणीत पोचला. मांडीची जखम चिघळली. वीस दिवसांत गेला. खबर आली ती पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर, निजाम गेल्यावर, गावात झेंडा लागल्यावर. तोवर समाधीवर गाव फुलं वाहायला लागलं होतं. माय कुणाला काय सांगणार होती? सुलाबाई दर बाजाराच्या दिवशी दारात यायची, काही कळलं का विचारायला. माय तिच्या पदरात जवारी घालायची. तोंडाकडं बघायची नाही. मरताना लिंग लेकीच्या हातात दिलं, तुझ्यासंगं घेऊन जा म्हणाली.

गौरा आता रडत होती. मी तिला उचलून पदराखाली घेतली. ती चोखायला लागली, एक हात माझ्या गळ्याशी, आणि मला सरळ विचारच करता येईना. मी असते तर? ती दोन लेकरं माझी असती, एक जवारीत पळणारं, एक घरात, आणि समोर चेहरा नसलेलं कुणाचं तरी? मीही बोट दाखवलं असतं. क्षणभरही थांबले नसते. त्या बाईनं तसं केलं म्हणून अप्पांचे वडील राहिले, अप्पा झाले, आणि ही माझ्या मांडीवरची झाली. आणि तिकडं बाभळीखाली एक आई उभीच राहिली.

* * *

शंभुराज, माझा नवरा, परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला आहे, शनिवारी येतो; या शनिवारी आला नव्हता. फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "धनश्री, एक काम कर. सतरा होऊन जाऊ दे. मग बघू."

"सतराला त्याला परत पुरतील. वीरभद्र म्हणून. वर दगड लागेल."

"अगं पण अप्पांचं वय..."

मी फोन ठेवला.

अप्पा चहाला बसले तेव्हा मी आत्याबाईंना धरून ओसरीत आणलं. त्यांनीच सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच. अप्पांच्या हातातला चहा गार झाला. एकदा ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"आत्या, तुला भरम झालाय."

आत्याबाईंनी चिंधी सोडली. काळं, गुळगुळीत लिंग तळहातावर धरलं. "मग हे कुणाचं, तूच सांग."

अप्पा बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला, पण माझ्यावर. "दर सतरा सप्टेंबरला मी त्या समाधीवर डोकं ठेवतोय. पन्नास वर्षं. आता दगडावर काय लिहू, माझी आज्जी खोटं बोलली म्हणून?"

"आज्जीचं नाव दगडावर नाहीच येत, अप्पा. कोंडिबाचं येतं."

"अन् वीरभद्राचं काढायचं?"

"कशाला काढायचं? लढला तोही. तिकडं जाऊन वारला."

"तू पोरीकडं बघ जा," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं. रात्री जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं, सकाळी तसंच होतं.

* * *

मंगळवारी सकाळी आत्याबाईंनी काठी मागितली.

"कुठं?"

"सुलाबाईच्या घरी."

"आत्याबाई, त्या जाऊन चाळीस वर्षं झाली."

"घर हाय ना?"

भीमनगर आमच्या घरापासून तीनशे पावलं असेल. आम्हाला पाऊण तास लागला. एका हातात आत्याबाई, एका कडेवर गौरा, आणि पोरगी वाटेतल्या प्रत्येक शेळीकडं झेप घेतेय. मागं वळून बघितलं तर अप्पा ओसरीत उभे होते. थांबा म्हणाले नाहीत. या म्हणाले नाहीत.

नागसेन सर शाळेला निघत होते. त्यांच्या आई, रुख्मिणीबाई, अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी बाजेकडं हात केला. आत्याबाई बाजेवर बसल्या, दम खाल्ला आणि काही सुरुवात न करता म्हणाल्या, "तुमचा कोंडिबा मठात हाय."

मग सगळं सांगितलं. रुख्मिणीबाईंचा हात डाळीत तसाच राहिला. सरांनी सायकल भिंतीला लावली.

"तुमाला किती वर्षांपासून ठाऊक हाय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझा आजा तुमच्या थोरल्या भावाकडं इचारायला यायचा. मी त्याच्या बोटाला धरून आलोय. तवा बी ठाऊक व्हतं?"

"तवा बी."

"अन् परवा मी खड्ड्यावर इचारलो, ह्यो कोण हाय. सगळ्या गावासमोर माझं तोंड बंद केलं अप्पांनी." त्यांचा आवाज फाटला. "सुलाबाई मरंस्तोवर संध्याकाळी ओढ्यावर जाऊन बसायची, आत्याबाई. आई सांगती ना. पोरगं येतंय का बघायला."

आत्याबाईंनी मान खाली घातली नाही. "बघायचे मी माळवदावरनं."

"मग आज कामून आलात?"

"उद्या पुन्यांदा त्याला आमच्या नावानं पुरायलेत. एकदा मायनं केलं, ती आई व्हती. मी कोण हाय?"

माफी मागावी, तर ती कुणाच्या वतीनं, आणि सरांनी ती घ्यावी तरी का? गौरा रुख्मिणीबाईंच्या सुपाकडं ओढ घेत होती, मी तिला घट्ट धरून उभी राहिले.

रुख्मिणीबाईच उठल्या. पदर खोचला.

"मठातच हाय ना? चला."

"आई, आधी गावसभेत अर्ज..."

"अर्ज मागनं लिव तू. माणूस आपला हाय, तिथं पेटीत कशाला पडून ऱ्हाईल?"

त्या पुढं, सर मागं, आणि सगळ्यांच्या मागं आम्ही. वाटेत दोघं-तिघं सोबत आले. अप्पांनी मठाला कुलूप लावायला सांगितलं असेल तर? चारचौघांत पुन्हा काही बोलले तर, या बाईच्या तोंडावर?

मठाचं दार उघडं होतं. आत पेटी, आणि पेटीला टेकून जमिनीवर अप्पा बसलेले. आमच्या आधीच मधल्या वाटेनं आले असणार. स्वामी कोपऱ्यात माळ ओढत होते, आम्हाला बघून ती थांबली.

रुख्मिणीबाई उंबऱ्यावर थबकल्या. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, मग सरांकडं. अप्पा उठले नाहीत की बाजूला सरले नाहीत.

"न्यायला आलो," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"हां."

"मग सरका की, अप्पा. वाट आडवून कामून बसलात?"

अप्पांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "पन्नास वर्षं ह्याच्या पायावर डोकं ठेवलंय मी," ते म्हणाले. "माझ्या बापानं बी ठेवलं. आमचाच म्हणून." त्यांनी झाकणावरची धूळ तळव्यानं पुसली. "ह्याच्या बापाचं नाव काय, सर?"

"कशाला?" सरांचा आवाज अजून कडकच होता.

"बालाजी येईल संध्याकाळी. दगडावर बापाचं नाव लागतं."

सरांनी माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं.

"सखाराम," ते म्हणाले. "कोंडिबा सखाराम. अन् उद्या नुसतं नाव कोरून भागायचं न्हाई, अप्पा. काय झालं ते सांगावं लागंल. माईकवर. तुमीच."

"मला बोलता येईल का न्हाई, ठावं न्हाई."

"शनिवारी हैदराबादला पळाला म्हणताना आलं की. न्हाई, शुक्रवारी."

स्वामी खाकरले. मला वाटलं झालं, आता फिसकटलं. पण ते भिंतीचा आधार घेत उठले, गुडघे कटकन वाजले.

"सांगीन," म्हणाले. "तुमी समोरच उभे ऱ्हावा. अडलो तर तुमी सांगा."

सर पुढं झाले. पेटी जड नव्हती, एकट्यानंही उचलली असती. पण अप्पा खाली वाकले आणि त्यांनी आपल्या बाजूची कडी धरली, तेव्हा सरांनी जरा थांबून दुसरी धरली. मठाचं दार अरुंद आहे. दोघंही एकदम पुढं झाले आणि पेटी चौकटीला अडली.

"तिरपी करा," स्वामी म्हणाले. "अप्पा, तुमी मागं व्हा. मागं. त्यांना आधी निघू द्या."

अप्पा दोन पावलं मागं सरले. सर पाठमोरे उंबरा उतरले, मग पेटी, मग अप्पा. बाहेर ऊन होतं. रुख्मिणीबाईंनी डोक्यावरचा पदर काढला, पेटीवर पसरला आणि बाजूनं चालायला लागल्या.

"कुठं ठेवायचं?" अप्पांनी विचारलं.

"घरी," त्या म्हणाल्या. "पुढचं उद्या बघू. आधी घरी येऊ दे त्याला."